चाळीसगावची मोरी आणि आपल्या वस्तीचे तोंड

रस्ता सुरक्षा म्हटले की आपल्याकडे हेल्मेट, चलान आणि सप्ताहाचे फलक. चूक नेहमी चालकाची, नाहीतर पायी जाणाऱ्याची. रस्ता कोणी बांधला, कोणाला गृहीत धरून बांधला, हे कोणी विचारत नाही.

२३ ऑक्टोबर १९२९ चा अपघात आपल्याला माहीत आहे. बाबासाहेबांनी तो 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये स्वतः लिहून ठेवला आहे. स्टार्ट समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात होते. एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगाव स्टेशनवर आले. महारवाडा पायी जाण्याच्या अंतरावर होता, पण आपल्या माणसाला चालत नेणे लोकांना बरे वाटेना. टांगेवाले महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. शेवटी तोड निघाली: टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा. जो हाकायला बसला त्याला टांगा हाकायची सवयच नव्हती. निघताच एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरची मोरी आली. तिला कठडा नव्हता, नुसते अंतराअंतरावर दगड. चाक दगडात अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत. पाय मोडला आणि डिसेंबरअखेरपर्यंत ते अंथरुणाला खिळले.

हा प्रसंग सांगताना आपण टांगेवाल्यापाशी थांबतो. पण ती मोरीही आरोपी आहे. महारवाड्याची वाट तिच्यावरून जात होती. बिनकठड्याच्या मोरीवरून रोज कोण येत-जात असेल, हे वेगळे सांगायला नको.

सार्वजनिक रस्त्यावर पाऊल टाकण्यासाठी १९२४ साली वायकोमला सत्याग्रह करावा लागला. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, घाट यांच्याबरोबर रस्तेही आले. चालण्याचा हक्क कागदावर पक्का झाला. चालणारा धडपणे घरी पोचेल याची जबाबदारी कोणाची?

राजूरमध्ये हा प्रश्न रोजचा आहे. कोळसा आणि चुना वाहणाऱ्या ट्रकांच्या बाजूने मजूर पायी, सायकलने जातो, पोरे शाळेत जातात. ग्रामपंचायतीत विचारा, उत्तर ठरलेले: मोठा रस्ता आमचा नाही. अर्धे खरे आहे. पण ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत तेराव्या क्रमांकावर रस्ते, मोऱ्या, पूल हे विषय पंचायतींसाठी लिहिलेले आहेत. आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेले कलम १९८अ सांगते की रस्त्याच्या रचनेत, बांधकामात किंवा देखभालीत ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे कोणी मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. या कलमाचे फलक मात्र कुठल्या सप्ताहात लागत नाहीत.

अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास योजनेतून वस्तीच्या आत सिमेंट रस्ता होतो, त्याचे उद्घाटनही होते. तो मोठ्या रस्त्याला मिळतो त्या तोंडाशी दिवा, गतिरोधक, नाल्याला कठडा आहे का, ते मोजायला कोणी येत नाही. ते आपणच मोजायचे. मित्रांनो, पुढच्या ग्रामसभेत ही यादी ठराव म्हणून मांडा. रस्ता पंचायतीचा नसेल तर ठरावाची प्रत सार्वजनिक बांधकाम विभागाला आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या, पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा.