बिनसाखरेचं लिंबू सरबत, मुक्काम पोस्ट कुर्डुवाडी

उन्हाळा आला की आमच्या घरी दरवर्षी एकच वाद होतो. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे म्हणजे काय ते इकडच्या मंडळींना सांगायला नको. पारा चाळीसच्या वर, रस्ते ओस. अशा उन्हातून कुणी घरी आलं की पंख्याखाली बसवायचं, आधी पाणी द्यायचं आणि मग सरबत. पाहुणा म्हणतो, "मला शुगर आहे हो, नको." यजमान म्हणतात, "एवढ्याशानं काय होतंय, अर्धा पेला तरी घ्या!" पाहुणा घेतो. नाही म्हटलं तर घरच्या बाईला वाईट वाटेल, म्हणून घेतो. लग्नसराईत हेच दिवसातून चार घरी होतं. आमच्या घरात दोन पिढ्यांत मधुमेह आहे, त्यामुळे हे "एवढ्याशानं" प्रकरण मी फार जवळून पाहिलंय. म्हणून या वेळी नुसती कृती न लिहिता जरा मागे जाऊन बघावं म्हटलं, की पाहुण्याला साखर पाजलीच पाहिजे हे ठरलं कधी?

आधी शब्दांपासून सुरुवात करू. सरबत हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचं मूळ 'पिणे' या अर्थाच्या धातूत आहे. म्हणजे शब्दात साखर नाही, नुसतं पिणं आहे. आपला स्वतःचा शब्द पन्हं, तो संस्कृत 'पानक'वरून आला, आणि त्याचाही अर्थ प्यायची वस्तू एवढाच. साखरेचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. 'शर्करा' इथून निघाली आणि फारसी, अरबी अशी फिरत फिरत इंग्रजीत 'शुगर' झाली. 'खंड'चं 'कँडी' झालं. तेव्हा "मला शुगर आहे" असं म्हणणारे आमचे काका नकळत संस्कृतच बोलत असतात :)

लिंबूही याच बाजूचं. लिंबाच्या जातकुळीचा उगम ईशान्य भारत आणि त्याच्या पलीकडच्या आग्नेय आशियात मानतात. अरबांनी ही झाडं पश्चिमेला नेली. 1747 मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, तेव्हा संत्री-लिंबं खाणारी जोडी सगळ्यात लवकर उठून उभी राहिली. आपल्याकडे त्या काळी लिंबू रोजच्या जेवणात पानाच्या वर, डाव्या बाजूला मिठाशेजारी बसलेलं होतंच. मीठ आणि लिंबू ही जोडी जुनी, साखर तिच्यात नंतर येऊन बसली.

मग उन्हातून आलेल्या माणसाला पूर्वी काय देत? गूळ-पाणी. गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. खेड्यात ज्याची ऐपत असेल तो ताक देई. खडीसाखर वैद्याच्या पुडीत, देवाच्या प्रसादात आणि श्रीमंताच्या घरात. पांढरी दाणेदार साखर घरोघरी डब्यात भरून ठेवायची वस्तू झाली ती गेल्या शतकात, आणि त्या कथेत आपला सोलापूर जिल्हा अगदी मध्यभागी आहे.

1930 च्या आधी हिंदुस्थानात पांढरी साखर मोठ्या प्रमाणावर जावाहून येत असे. 1932 साली सरकारने साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला, बाहेरच्या साखरेवर जकात बसली आणि पाच-सहा वर्षांतच देशातल्या कारखान्यांची संख्या कितीतरी पटीने वाढली. त्याच 1932 साली सासवडहून नीरा कालव्याच्या पाण्यावर आलेल्या माळी शेतकऱ्यांनी अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभारायला घेतला. पुढे 1950 मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखाना सुरू झाला, आणि मग तर सगळ्या महाराष्ट्रात रांगच लागली. 1980 च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झालं. ज्या माढा तालुक्यात ज्वारीशिवाय फारसं काही दिसत नसे तिथे पाण्याच्या मागोमाग ऊस आला. आज पिंपळनेरला विठ्ठलराव शिंदे कारखाना आहे आणि हंगामात कुर्डुवाडीच्या रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर एकामागे एक दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात. ज्याच्या घरात ऊस, त्याने पाहुण्याला बिनसाखरेचं पाणी कसं द्यावं? आमच्याकडे सरबतात साखर कमी पडली तर लोक कंजूष म्हणतात. ही चव नाही, ही आमची प्रतिष्ठा आहे. वाद तिथेच आहे.

आता कुर्डुवाडी. हे गाव मुळात थांबण्याचं गाव. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी रेल्वे इथून गेली तेव्हा स्टेशनाचं नाव बार्शी रोड होतं, म्हणजे बार्शीला जायचं तर इथे उतरा. 1897 मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. अडीच फुटी रूळ, छोटे डबे. 1906 पर्यंत ती पंढरपूरला पोचली, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला. तिचा वर्कशॉप कुर्डुवाडीत. 1954 मध्ये सरकारने ती विकत घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने तिचे रूळ रुंद झाले. शंभर वर्षं विठ्ठलाच्या वाटेवरचा माणूस कुर्डुवाडीत मोठ्या गाडीतून उतरायचा आणि छोट्या गाडीची वाट बघायचा. वाट बघणाऱ्या माणसाला तहान लागते. आणि वारकरी उपवासाचा असेल तर त्याच्या पाण्यात लिंबू आणि शेंदेलोण चालतं. बिनसाखरेचं लिंबूपाणी म्हणजे काही अमेरिकेतून आलेलं फॅड नाही, एवढंच मला म्हणायचंय.

आपल्याच महाराष्ट्रातलं आणखी एक उदाहरण द्यायला हवं. 10 फेब्रुवारी 1943 रोजी गांधीजींनी पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना 21 दिवसांचा उपवास सुरू केला. प्राण देण्यासाठी हा उपवास नाही, तो पार पाडायचा आहे, म्हणून पाणी पिववेल इतपत त्यात लिंबाच्या जातीच्या फळांचा रस घालीन, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. पाणी घशाखाली उतरावं एवढंच त्या रसाचं काम. चैन नाही.

साखरेला पर्याय शोधण्याची गोष्टही गमतीची आहे. 1879 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात इरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत कोन्स्टँटिन फालबर्ग काम करत होता. डांबरापासून निघणाऱ्या रसायनांवर काम. हात नीट न धुता जेवायला बसला आणि पाव गोड लागला! ते सॅकरीन. साखरेपेक्षा तीन-चारशे पट गोड. नाव ठेवलं तेही ग्रीकमधल्या 'साक्खारोन'वरून, म्हणजे पुन्हा आपली शर्कराच. दोन्ही महायुद्धांत युरोपात साखर मिळेनाशी झाली तेव्हा याच सॅकरीनने चहा गोड केला. 1977 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांमुळे अमेरिकेत त्यावर बंदीची भाषा झाली, पाकिटावर इशारा छापला गेला, आणि उंदरांतली ती गोष्ट माणसाला लागू नाही असं ठरल्यावर 2000 मध्ये तो इशारा काढला. त्यानंतर आलेले अस्पार्टेम, सुक्रालोज आणि स्टीव्हियाच्या पानांतला अर्क आता औषधाच्या दुकानात गोळ्या-पुड्यांत मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं की वजन कमी करण्यासाठी या गोड पर्यायांवर भरवसा ठेवू नका. मात्र आधीच मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही. म्हणजे काकांनी एखादी गोळी टाकली तर आकाश कोसळत नाही. पण माझं मत विचाराल तर ती गोळी जिभेची गोडाची सवय तशीच ठेवते, आणि सवय सुटणं हीच खरी सुटका.

आता हिशेब बघा. एका पेल्यात आपण सहज दोन मोठे चमचे साखर घालतो, म्हणजे साधारण 25 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या सल्ल्यानुसार धडधाकट माणसाने दिवसभरात वरून घेतलेली साखर शक्यतो एवढ्यावरच थांबवावी. म्हणजे दिवसाचा कोटा एका पेल्यात संपला, चहा अजून व्हायचाय! लिंबाच्या रसात मात्र स्वतःची साखर एक ग्रॅमही नसते. आणि "साखर नको तर गूळ घालते" किंवा "मध घालते" हे तर अजिबात करू नका. गूळ हा बहुतांशी साखरच आहे, मधही रक्तात जाऊन तेच करतो. आमच्याकडे प्रेमापोटी सगळ्यात जास्त गफलत इथेच होते.

तर कृती. फार मोठी नाही.

बिनसाखरेचं सरबत बिघडतं ते एकाच कारणाने. आपण साखर काढतो आणि लिंबू तेवढंच ठेवतो. साखर आणि आंबट यांची चढाओढ असते, एक वाढवलं की दुसरं वाढवावं लागतं. साखर गेली की लिंबूही निम्मं करा. एका मोठ्या पेल्याला अर्धं कागदी लिंबू पुरे. बिया आधी काढा आणि साल फार पिळू नका, कडवटपणा तिथूनच येतो. मीठ चिमूटभर. ते खारट लागण्यासाठी नाही, कडवटपणा दबावा म्हणून. ब्लडप्रेशर असेल त्यांनी तेही बेतानेच घ्यावं. भाजलेल्या जिऱ्याची पूड पाव चमचा, पुदिन्याची चार पानं हातावर चुरडून आणि आल्याचा रस दोन-तीन थेंब. पाणी माठातलं. हवा असेल तर भिजवलेला सब्जा एक चमचा, म्हणजे पेला भरल्यासारखा दिसतो आणि पाहुण्याला काहीतरी खास दिल्यासारखं वाटतं. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात आंबट कळकतं, हे आजीकडून ऐकलेलं आजही खरं आहे. पहिले दोन-तीन दिवस अळणी लागेल. आठवड्याभरात जिभेला लिंबाचा वास कळायला लागतो, जो साखरेखाली दबलेला असतो.

पण दोन ठिकाणी हे सरबत चालत नाही, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख संपवणं बरं नव्हे.

पहिलं, जुलाब-उलट्या. पंढरीच्या यात्रांत पूर्वी पटकीच्या साथी येत आणि माणसं अंगातलं पाणी जाऊन मरत. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे सलाइन संपत आलं. त्यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांतून भरून नातेवाइकांकरवी रोग्यांना पाजलं आणि तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आलं. आतड्यातून मीठ आणि पाणी आत शोषलं जायला साखरेची सोबत लागते, हे त्यामागचं शास्त्र. तेव्हा जलसंजीवनीतली साखर काढायची नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

दुसरं, साखर एकदम उतरणं. इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्या माणसाला उपाशीपोटी घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं अडखळू लागलं, तर त्याला लगेच खरी साखर हवी. गोळीची गोडी तिथे काही कामाची नाही. शुद्धीवर असेल तरच तोंडाने द्या, आणि बेशुद्ध असेल तर थेट दवाखाना. म्हणून मधुमेह्याच्या घरातही साखरेचा डबा हाताशी असायलाच हवा.

साखरेशी माझं भांडण नाही. या जिल्ह्याच्या हजारो घरांची चूल उसावर पेटते आणि त्यात आमचे सोयरेही आहेत. पण उसाचं बिल वेगळं आणि पाहुण्याचा पेला वेगळा. गूळ-पाण्यातला गूळ हा त्या काळी उन्हातून चार कोस चालून आलेल्या माणसाची भरपाई होता. आजचा पाहुणा मोटरसायकलवरून येतो, आणि त्याच्या खिशात गोळ्यांची पट्टी असते. त्याची काळजी घ्यायची तर काळजीची रीतही बदलायला नको का?

आमच्या घरात आता ट्रेमध्ये दोन प्रकारचे पेले येतात. जिऱ्याची पूड वर दिसते तो बिनसाखरेचा. कुणाला विचारावं लागत नाही, कुणाला नाही म्हणावं लागत नाही. ज्याला जो हवा तो तो उचलतो. गेल्या उन्हाळ्यात साखरवाले पेलेच मागे उरायला लागलेत, हे आपलं जाता जाता सांगितलं.

तुमच्याकडे काय करतात? कोकण्यांनो, बिनसाखरेच्या कोकमाचं प्रमाण मला हवंय. कळवा जरूर.