स्वातंत्र्याचा शब्द आणि सत्तेची मुदत



स्वातंत्र्याचे वचन देणारा पुढारी पुढे सत्ता आपखुशीने सोडतो काय, या प्रश्नाचा काथ्याकूट विद्वानांनी पुष्कळ केला आहे. माझे शाळेचे शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढचे वाचन झाले ते गेटसभा आणि लेबर कोर्टाच्या तारखा यांच्यामधल्या वेळात, सार्वजनिक वाचनालयाच्या कृपेने. तेव्हा तत्त्वचर्चेच्या वाटेला न जाता मी एकाच देशाची हकीकत सांगणार आहे. तो देश म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण भागातील झांबिया. तोच का, असे कोणी विचारील. तर तेथे स्वातंत्र्यवीराला खुर्चीवरून उतरवले ते एका कामगार पुढाऱ्याने. आणि दहा वर्षांनी त्या कामगार पुढाऱ्यालाच दरवाजा दाखवण्याची पाळी लोकांवर आली. माझ्यासारख्याला ही गोष्ट परकी वाटत नाही.

इंग्रजी अमलात या मुलखाला उत्तर ऱ्होडेशिया म्हणत. तांब्याच्या खाणी हे तिथले धन. १९३५ आणि १९४० साली आफ्रिकी खाणकामगारांनी संप केले आणि दोन्ही वेळा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. या भूमीत केनेथ कौंडा पुढे आले. पेशाने शिक्षक, मनावर गांधीजींचा प्रभाव, १९५९ साली तुरुंगवास. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी देश स्वतंत्र झाला आणि वयाच्या चाळिसाव्या वर्षी ते अध्यक्ष झाले. देशात पदवीधर जेमतेम शंभरेक. त्यांनी शाळा काढल्या, १९६६ साली विद्यापीठ सुरू केले, शेजारच्या देशांतील स्वातंत्र्यसैनिकांना थारा दिला आणि त्यापायी आपल्या देशावर संकटे ओढवून घेतली. हा मनुष्य लबाड नव्हता, हे आधी मान्य केले पाहिजे. लबाड माणसाची गोष्ट सांगायला मी येथे आलोच नसतो.

स्वातंत्र्याच्या आधी काही महिने गोऱ्या गव्हर्नराने आणीबाणी पुकारली होती. कौंडांनी ती उठवली नाही. पुढच्याच वर्षी दक्षिणेकडील ऱ्होडेशियातल्या गोऱ्यांनी बंडखोरी करून आपले राज्य जाहीर केले, सरहद्द पेटली. आणीबाणी चालू राहिली ती थेट १९९१ पर्यंत. कौंडांचा बालमित्र आणि लढ्यातला साथी सायमन कपवेपवे याने १९७१ साली वेगळा पक्ष काढला. तो पक्ष १९७२ च्या आरंभी बंद करून मित्राला स्थानबद्ध केले. त्याच वर्षाअखेर एकपक्षीय राज्याचा कायदा झाला. मग निवडणुकीत अध्यक्षपदाला उमेदवार एकच. मतदाराने फक्त होय किंवा नाही म्हणायचे. १९७८ साली कपवेपवे आणि दुसरे जुने पुढारी हॅरी न्कुंबुला यांनी पक्षाच्या आतूनच उभे राहायचे ठरवले, तेव्हा पक्षाची घटना अशी बदलली की दोघेही अपात्र ठरले. प्रत्येक वेळी कारण होते, आणि ते अगदीच खोटे नसे. सरहद्दीवर शत्रू खरोखरच होता.

१९७५ च्या सुमारास तांब्याचे भाव कोसळले आणि देशाची तिजोरी रिकामी होऊ लागली. डिसेंबर १९८६ मध्ये मक्याच्या पिठाचे भाव वाढवले तर खाणपट्ट्यात दंगली झाल्या. जून १९९० मध्ये ते दुपटीहून वाढवले तर राजधानी लुसाका पेटली. तिथल्या गरिबाचे मक्याचे पीठ म्हणजे आपली भाकरी. कामगार संघटनांच्या महासंघाचे अध्यक्ष फ्रेडरिक चिलुबा हे १९७४ पासून त्या पदावर होते. १९८१ साली संपांच्या वेळी त्याच जुन्या आणीबाणीखाली सरकारने त्यांना डांबले होते आणि न्यायालयाने सोडले होते. जुलै १९९० मध्ये बहुपक्षीय लोकशाहीची चळवळ उभी राहिली आणि चिलुबा तिचे पुढारी झाले.

कौंडांनी आधी सार्वमताची भाषा केली, मग ती सोडून मुदतीपूर्वीच निवडणूक घेतली. ऑगस्ट १९९१ मध्ये त्यांनी नव्या घटनेवर सही केली. तीत अध्यक्षाला पाच पाच वर्षांच्या दोनच मुदती होत्या. सत्तावीस वर्षे राज्य केलेल्या माणसाची ती सही! ३१ ऑक्टोबरला मतदान झाले. चिलुबांना सुमारे ७६ टक्के मते आणि १५० पैकी १२५ जागा. कौंडांनी दूरचित्रवाणीवरून पराभव मान्य केला आणि ते बाहेर पडले. याला आपखुशी म्हणता येणार नाही. पण सैन्य हाताशी असताना त्यांनी मतपेटीचा निकाल मानला, हे श्रेय त्यांचे आहे.

आता आपला गडी. चिलुबांनी आल्याबरोबर आणीबाणी उठवली आणि १९९३ साली पुन्हा लावली. १९९६ साली घटनेत कलम घातले की अध्यक्षाचे आईबाप दोघेही झांबियाचेच हवेत. कौंडांचे आईबाप न्यासालँडचे. नेम कोणावर होता ते उघड आहे. १९९७ साली काही शिपायांनी बंडाचा फसलेला प्रयत्न केला, तेव्हा नाताळच्या दिवशी कौंडांना अटक झाली. त्यांनी तुरुंगात उपोषण मांडले. ते सोडायला समजूत घालण्यासाठी आले टांझानियाचे ज्यूलियस न्येरेरे, ज्यांनी १९८५ साली कोणी न ढकलता अध्यक्षपद सोडले होते. त्या कोठडीतल्या भेटीत काय बोलणे झाले असेल, असे मला पुष्कळदा वाटते. १९९९ मध्ये एका न्यायालयाने तर कौंडांना कोणत्याच देशाचे नागरिक नाहीत असे ठरवले. तो निकाल पुढे टिकला नाही. इकडे खाणी विकल्या गेल्या आणि दहा वर्षांत खाणकामगारांची संख्या निम्म्याहून खाली आली. युनियनमधून वर चढलेल्या अध्यक्षाच्या कारकिर्दीत!

दुसरी मुदत संपत आली तशी चिलुबांच्या भोवतालची मंडळी बोलू लागली की तिसरी मुदत ही जनतेचीच इच्छा आहे. स्वतः चिलुबा गप्प. एप्रिल २००१ च्या अखेरीस काब्वे येथे पक्षाचे अधिवेशन भरले, पक्षाची घटना बदलली आणि विरोध करणारे मंत्री पक्षाबाहेर गेले. पण वकील, चर्चमंडळे आणि स्त्रियांच्या संस्था एक झाल्या होत्या. लोक हिरव्या फिती लावीत, शुक्रवारी संध्याकाळी मोटारींचे भोंगे वाजवीत. एकतृतीयांशाहून अधिक खासदारांनी विरोधात सही केली, म्हणजे घटनादुरुस्तीला लागणारी मते उरलीच नाहीत. ४ मे २००१ रोजी चिलुबांनी जाहीर केले की आपण जाणार.

येथे थोडे घरचे सांगतो. आमच्या युनियनचा मी बावीस वर्षे सरचिटणीस आहे. नियमाप्रमाणे दर तीन वर्षांनी निवडणूक होते, बिनविरोध होते. मागे सर्वसाधारण सभेत एक तरुण फिटर उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्यानंतर कोण?" मी सांगितले, "करार तोंडावर आहे, आता हा विषय नको." टाळ्या पडल्या, पोरगा खाली बसला. पुढे कौंडांविषयी वाचताना माझे ते वाक्य मला आठवले; त्यांची सरहद्द होती, माझा करार. तो करार होऊन चार वर्षे झाली. सध्या दुसरा तोंडावर आहे. तो पोरगा आता सभेला येत नाही.

सत्ता सोडवत नाही याचे एक कारण भीती हेही आहे, आणि ती निराधार नसते. चिलुबांनीच निवडलेले लेव्ही म्वानावासा अध्यक्ष झाले आणि २००२ साली संसदेने चिलुबांचे संरक्षण काढून घेतले. २००७ मध्ये लंडनच्या न्यायालयाने दिवाणी दाव्यात त्यांच्यावर कोट्यवधी डॉलरच्या सरकारी पैशाचा ठपका ठेवला. २००९ मध्ये लुसाकाच्या न्यायालयाने फौजदारी आरोपातून सोडले. २०११ च्या जूनमध्ये ते वारले. कौंडा त्यांच्यामागे दहा वर्षे जगले आणि १७ जून २०२१ रोजी सत्त्याण्णवाव्या वर्षी गेले. पत्नीशेजारी आपल्याला पुरावे अशी त्यांची इच्छा होती, असे मुलाने न्यायालयात जाऊन सांगितले. सरकारने ऐकले नाही. लुसाकाच्या एम्बसी पार्कमध्ये, अध्यक्षांसाठी राखलेल्या आवारात, चिलुबांची कबर आहे तेथेच त्यांनाही ठेवले.