धूर की थंडी?

'पहिली भारतीय महिला डॉक्टर कोण?' हा एका मार्काचा प्रश्न शाळेत आपण सगळ्यांनीच सोडवला असेल. मीही सोडवला आणि माझ्यापुरत्या आनंदीबाई जोशी तिथेच संपल्या.

त्या पुन्हा भेटल्या न्यू जर्सीत. कंपनीने पहिल्यांदाच ऑनसाइट पाठवलं होतं. दुसऱ्या संध्याकाळी आमटीला फोडणी दिली आणि धुराचा अलार्म जो कोकलायला लागला! सगळी इमारत थंडीत खाली उभी, दारात आगीचा बंब आणि मी हातात पळी घेऊन. पुढे तीन आठवडे मी बिनफोडणीचं वरण खाल्लं. ऑफिसात डबाही कोपऱ्यात बसून, झाकण अर्धंच उघडून.

त्याच सुमारास वाचनात आलं, की १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई उतरल्या ते कार्पेंटरबाईंचं रोझेल गाव याच राज्यातलं. वय अठरा. सोबत नवरा नाही, कुणी नातलग नाही. निघण्याआधी फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या, आपल्या नव्हे) कॉलेजात लोकांसमोर उभं राहून त्यांनी आपण का जातो आहोत ते सांगितलं होतं, हिंदू म्हणूनच परत येईन असंही. मला व्हिसाच्या खिडकीपाशी दोन वाक्यं बोलताना घाम फुटला होता.

पुढे फिलाडेल्फियात नऊवारीत पाय उघडे राहून गारठत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. एवढ्याशा बदलाचाही खुलासा गोपाळरावांना पत्रातून करावा लागला! आणि खोलीतली शेकोटी इतकी धुरकट, की धूर सोसायचा की थंडी, एवढीच निवड. हे वाचलं आणि माझ्या अलार्मची मला लाज वाटली. ११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या, समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात क्षयाने गेल्या. बावीस पूर्ण व्हायला महिना उरला होता.

त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीच्या दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत त्यांचा दगड आहे. परतण्याआधी एका रविवारी जाऊन आले. नावापुढे एम.डी. आहे, खाली, शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची ओळ. जवळ बाक नव्हता. गवतावर बसून डबा पूर्ण उघडला. लसणीची फोडणी घातलेली मेथी होती.