ग्रँटांचे कापड आणि आपली देवके

मराठ्यांचा पहिला विस्तृत इतिहास इंग्रजीत लिहिणारा जेम्स ग्रँट डफ आपल्या वाचकांस अपरिचित नाही. १८१८ च्या सत्तांतरानंतर तो सातारच्या दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिला आणि १८२६ मध्ये त्याचा त्रिखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्यातील दोष दाखविले. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ च्या आपल्या पहिल्या साधनखंडाच्या प्रस्तावनेत त्याची कठोर झडती घेतली. अस्सल कागद आधी, अनुमान मागाहून, हा धडा राजवाड्यांनी महाराष्ट्रास दिला. १९२६ मध्ये धुळ्यास त्यांचा देह पडल्यावर त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. परंतु जी कसोटी आपण ग्रँट डफच्या ग्रंथास लावली, ती त्याच्या नावामागील कुळास लावली तर काय निष्पन्न होते, हे पाहण्याची जिज्ञासा फारशी कोणी दाखविलेली नाही.

हा गृहस्थ जन्माने ग्रँट. डफ हे नाव त्याने आजोळच्या मिळकतीबरोबर घेतले. ग्रँट हे उत्तर स्कॉटलंडातील स्पे नदीच्या खोऱ्यातील एका प्रसिद्ध कुळाचे नाव होय. अशा कुळास तिकडे ‘क्लॅन’ म्हणतात. मूळ गेलिक भाषेत या शब्दाचा अर्थ संतती असा असला, तरी कुळातील सर्व माणसे एका रक्ताची असत असे नव्हे. नायकाच्या आश्रयास आलेली कुळवाडी माणसेही त्याचेच नाव लावीत. कुळाची एकजूटही अभंग नसे. १७४५-४६ च्या बंडात स्पेच्या खोऱ्यातील ग्रँट सरकारपक्षी राहिले, तर ग्लेनमोरिस्टनचे ग्रँट बंडखोरांस मिळाले. आपल्याकडील भाऊबंदकी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे नवल वाटणार नाही.

या कुळांची आज सर्वत्र ओळख पटते ती त्यांच्या रंगीत चौकड्यांच्या लोकरी कापडावरून. त्यास टार्टन म्हणतात. प्रत्येक कुळाचे कापड ठरलेले, आणि ते अनादि काळापासून चालत आलेले, अशी समजूत आहे. कागद काय सांगतात? १७०४ मध्ये ग्रँटांच्या नायकाने आपल्या माणसांस तांबड्या व हिरव्या टार्टनचे कपडे करण्याची आज्ञा दिली, हे खरे. परंतु त्यानंतर दहा वर्षांच्या आत-बाहेर रिचर्ड वेट या चित्रकाराने याच घराण्यातील माणसांची जी चित्रे काढली, त्यांत चौकडे एकसारखे नाहीत. ज्याचे त्याचे वेगळे आहेत. कुळाचे कापड एकच असते, तर घरच्याच चित्रांनी अशी उलट साक्ष दिली नसती.

मग ही समजूत आली कोठून? १७४६ मध्ये कलोडनच्या रणांगणावर बंड मोडले. त्याच वर्षी कायदा करून डोंगरी पोशाखास सैन्याबाहेर बंदी घातली गेली, आणि पाठोपाठ नायकांचे वंशपरंपरागत न्यायाधिकारही गेले. १७८२ मध्ये बंदी उठली तेव्हा जुनी व्यवस्था संपली होती. सत्ता गेली म्हणजे खुणेची किंमत वाढते. लंडनच्या हायलंड सोसायटीने १८१५ च्या सुमारास नायकांकडे आपापल्या कापडाचे नमुने मागितले, तेव्हा आपले कापड कोणते हेच कित्येकांस सांगता येईना. ही उणीव बॅनॉकबर्नच्या विल्सन या विणकरांनी भरून काढली. त्यांच्या १८१९ च्या नमुनावहीत चौकड्यांस नावे आहेत, तशीच कित्येकांस नुसते आकडेही आहेत. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला. सर वॉल्टर स्कॉटने त्याच्या स्वागताचा थाट रचला आणि टार्टन राजमान्य झाले. १८४२ मध्ये दोघा बंधूंनी जुन्या हस्तलिखिताच्या नावाखाली कुळांच्या कापडांचा एक ग्रंथ छापला. तो बनावट ठरला. आज तर २००८ च्या कायद्यान्वये टार्टनांची सरकारी नोंदवहीच आहे आणि तीत नवे नमुनेही नोंदविता येतात.

हे वाचून हसण्यापूर्वी आपण आपल्या घराकडे पाहावे. ग्रँटांची आणखी एक खूण म्हणजे पाइन वृक्षाची डहाळी. ती आपल्या देवकाच्या अधिक जवळची आहे. पंचपल्लव, कळंब, मोरपीस ही आपली देवके लग्नात बसविली जातात, आणि एका देवकाच्या घरांत सोयरीक न करण्याचा रिवाज आहे. टार्टनपेक्षा देवकाचा समाजव्यवहाराशी संबंध अधिक खोल आहे, यात शंका नाही. परंतु शहाण्णव कुळांच्या ज्या याद्या आपण प्रमाण मानतो, त्या परस्परांशी जुळत नाहीत. भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या वसाहतीत नोकरीनिमित्त नाना जिल्ह्यांची कुटुंबे शेजारी येतात, तेव्हाही स्थळ पाहताना प्रश्न होतो तो कुळाचाच. ज्या यादीच्या आधाराने एखाद्या मुलीचे स्थळ नाकारले जाते, ती यादी केव्हाची व कोणी केलेली, हे विचारणे म्हणजे अधर्म नव्हे.

कुळाचा खरा पुरावा खानदेशातच आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे निकुंभ राजांचा इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी तो प्रथम उजेडात आणला. त्यात निकुंभांनी आपले नाते सूर्यवंशाशी जोडले आहे; म्हणजे उज्ज्वल पूर्वज शोधण्याची हौस तेव्हाही होतीच. सूर्याचा दाखला आपण मागू शकत नाही. परंतु त्याच शिळेवर दुसरीही एक गोष्ट कोरलेली आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, आणि सोइदेव निकुंभाने त्या मठास उत्पन्न नेमून दिले. लेखाच्या शेवटच्या ओळी त्या काळच्या मराठीत आहेत.

निकुंभांचे कापड कोणत्या रंगाचे होते, हे विचारण्याचे कारण कोणास पडलेले नाही. विद्येसाठी त्यांनी काय दिले, हे मात्र आठशे वर्षांनंतरही वाचता येते. देवक श्रद्धेने बसवावे, चौकड्याचे कापड हौसेने ल्यावे. त्यांत वावगे काही नाही. परंतु कुळाचा अभिमान धरावयाचा असेल, तर तो अशा लेखी कृत्याचा धरावा.