वादकाचा कान

दिवाळी उलटली की गोंदिया जिल्ह्यातील गावोगावी मंडई भरते. दंडार रंगते, आणि रात्री नाटकाचा पडदा जो वर जातो तो पहाट झाल्यावाचून खाली येत नाही. झाडीपट्टीच्या या रंगभूमीवर पेटीवाल्याची व तबलजीची जबाबदारी नटाहून तसूभरही कमी नसते. नट वाक्य विसरला तर आतून सांगता येते. वादकाचा कानच फिरला तर त्यास कोणी सावरावे? त्याला एकाएकी घेरी येऊ लागली, कानात अखंड नाद सुरू झाला आणि नित्याचा षड्ज परका भासू लागला, म्हणजे लोक सहज बोलून जातात की, बुवा आता बेसूर झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील वैद्यांचे निदानही याहून फारसे शहाणपणाचे नव्हते. अशी घेरी म्हणजे मेंदूत रक्त साचल्याचे लक्षण, असे मानून ते रोग्याचे रक्त काढीत व त्यास जळवा लावीत. पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्य प्रॉस्पर मेनिअर यांनी जानेवारी १८६१ मध्ये तेथील वैद्यक परिषदेपुढे निबंध वाचून सांगितले की, घेरी, कर्णनाद व बहिरेपण या तिहींचे मूळ मेंदूत नसून अंतःकर्णात असू शकते. हे मत सर्वांच्या पचनी पडण्यापूर्वीच, १८६२ त, ते वारले. त्यांच्या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या विकारात अंतःकर्णातील द्रवाची पोकळी फुगते, ही गोष्ट १९३८ साली लंडन व ओसाका येथील संशोधकांनी निरनिराळी दाखवून दिली.

अंतःकर्णात शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्या तोंडाशी उंच स्वर व टोकाशी खर्जाचे स्वर टिपले जातात. तिला लागूनच तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. म्हणून एकाच बिघाडाने माणूस बहिराही होतो आणि भोवंडूनही पडतो. मेनिअरच्या विकारात आरंभी बहुधा खालचे स्वर मंदावतात. वादकाच्या दृष्टीने सर्वांत दुष्ट लक्षण मात्र निराळेच: काही रोग्यांना एकच स्वर दोन कानांनी दोन उंचींचा ऐकू येतो. अशा माणसाने तबला मिळवावा तरी कोणत्या कानावर?

अंतःकर्णाच्या दुखण्याशी झुंजलेल्या संगीतकारांत बोहेमियाचा स्मेताना मोठा. हा स्वतः उत्तम पियानोवादक व प्रागच्या नाट्यगृहाचा मुख्य संगीतसंचालक. १८७४ च्या उन्हाळ्यात कानात आवाज सुरू झाले आणि ऑक्टोबर संपण्याच्या आत दोन्ही कान गेले. त्याचा रोग मेनिअरचा नव्हे. बहुतेक अभ्यासक तो उपदंशाचा परिणाम मानतात. व्ल्ताव्हा नदीवरील त्याची जगप्रसिद्ध रचना त्याच वर्षाच्या नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे पूर्ण बहिरेपणात, लिहिली गेली. १८७६ मध्ये चार तंतुवाद्यांसाठी केलेल्या आत्मचरित्रपर रचनेत त्याने आपला कर्णनादच स्वरबद्ध केला: आनंदी नृत्य चालू असता व्हायोलिनवर एक अत्युच्च, तीक्ष्ण स्वर उठतो आणि सारा उत्सव थबकतो. पुढे जानेवारी १८८० मध्ये, पहिल्या जाहीर वादनाच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त, तो प्रागच्या रसिकांपुढे पियानोवर बसला व १८५५ साली वडील कन्येच्या मृत्यूनंतर रचलेली आपली कृती त्याने वाजविली. आपण वाजविलेला एकही स्वर त्याच्या कानी पडत नव्हता. पण बोटे व स्मृती यांना तो पाठ होता.

आपल्याकडे, मुंबईत, जून २०२४ मध्ये पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी आपली श्रवणशक्ती विषाणूच्या आघाताने अचानक क्षीण झाल्याचे प्रकट केले आणि मोठ्या आवाजापासून जपण्याचा इशारा तरुणांस दिला. रात्रभर ध्वनिक्षेपकाशेजारी बसणाऱ्या झाडीपट्टीच्या वादकांनी तो अवश्य मनावर घ्यावा. मेनिअरचा विकार समूळ नाहीसा करणारे औषध आजही नाही. परंतु मीठ कमी करणे व योग्य औषधे यांनी घेरीचे झटके पुष्कळांचे आटोक्यात राहतात. अचानक आलेल्या बहिरेपणात मात्र दिवस मोलाचे असतात, उपचार लवकर व्हावा लागतो. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तोवर तबलजीने पेटीच्या सुराची खात्री शेजारच्या साथीदाराकडून करून घ्यावी. पेटीची पट्टी, वादकाचा कान कितीही फिरला तरी, जागची हलत नाही.