कारकुनाची उमेदवारी

मराठी भाषेंत 'कारकून' हा शब्द आतां कौतुकानें उच्चारला जात नाहीं. एखाद्याच्या बुद्धीची झेप बेताची आहे असें सुचवावयाचें असलें म्हणजे 'कारकुनी वृत्ति' असें म्हणून आपण मोकळे होतों. वस्तुतः फारसींतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'काम करणारा', 'कारभार पाहणारा' एवढाच असून शिवशाहींत व पेशवाईंत तो चांगला मानाचा होता. मग शब्दाची ही घसरण झाली कशी? हा केवळ कोशकारांच्या कुतूहलाचा प्रश्न नव्हे. दुसऱ्याच्या वतीनें लिहिणाऱ्या, टिपणाऱ्या व कागद जपणाऱ्या माणसाला समाजानें काय शिकविलें आणि त्याच्याकडून काय मागितलें, याचा इतिहास या घसरणींत सांठविलेला आहे. आमच्या इतिहाससंशोधकांचें आयुष्य कारकुनांचीं हस्ताक्षरें लावण्यांत गेलें. पण तीं अक्षरें काढणाऱ्या हाताची विचारपूस फार थोड्यांनीं केली. ती येथें थोडक्यांत करावी असा हेतु आहे.

शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांची एक आख्यायिका महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. महाराजांनीं एक महत्त्वाचें पत्र लिहून ठेवण्यास सांगितलें होतें. कामाच्या गर्दींत तें लिहावयाचें राहून गेलें. रात्रीं महाराजांनीं पत्र वाचून दाखविण्याची आज्ञा केली, तेव्हां बाळाजींनीं कोरा कागद पुढें धरून, जणूं लिहिलेलेंच आहे अशा रीतीनें, सर्व मजकूर न अडखळतां म्हणून दाखविला. गोष्ट उघडकीस आल्यावर महाराज रागावले नाहींत, उलट प्रसन्न झाले. ही कथा शब्दशः खरी असो वा नसो. ती पिढ्यानुपिढ्या सांगितली गेली, यावरून चिटणिसाविषयीं लोकांची काय अपेक्षा होती तें कळतें. त्याचें कौशल्य बोटांत नव्हतें. धन्याच्या मनांतील हेतु ओळखून त्याला योग्य शब्द देण्यांत होतें. या पदाची जोखीमहि तशीच होती. संभाजीमहाराजांच्या कारकीर्दीत, १६८१ सालीं, कारस्थानाच्या संशयावरून याच बाळाजींना देहान्त शासन झालें. ज्याला सर्व गुपितें ठाऊक, त्याच्यावर संशयहि प्रथम जावयाचा. पुढें त्यांच्याच वंशांतील मल्हार रामराव चिटणीस यांनीं बखरी लिहिल्या व 'राजनीति' हा ग्रंथहि रचला. कागद सांभाळणाऱ्याचा वंशज इतिहासकार व्हावा, हें स्वाभाविकच होतें.

त्या काळीं कागद एका हातून निघत नसे. चिटणिसानें मजकूर करावा, सुरनिसानें त्याची भाषा व शुद्धता पाहावी, मुजुमदारानें आकडे तपासावे, आणि अखेर मोर्तब होऊन 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा मजकुराच्या शेवटीं उमटावी, म्हणजे त्यापुढें कोणास एक अक्षरहि घुसडतां येऊं नये. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सुरनिसास 'सचिव' व मुजुमदारास 'अमात्य' हीं संस्कृत नांवें मिळालीं. कचेरींतील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' महाराजांनीं करविला, तोहि याच धोरणानें. राज्य नवें झालें कीं दफ्तराची भाषाहि नवी करावी लागते, हें त्यांनीं ओळखलें होतें.

आतां या माणसांचें शिक्षण कसें होई तें पाहूं. त्यासाठीं पाठशाळा नव्हती. 'उमेदवार' हा शब्द आज आपण निवडणुकीस उभ्या राहिलेल्या गृहस्थास लावतों. परंतु जुन्या कचेरींत उमेदवार म्हणजे जाणत्या कारकुनाच्या शेजारीं बसून, बहुधा विनावेतन, पुढें जागा मिळेल या आशेनें काम शिकणारा तरुण. बोरू तासणें, कागदास घोटा देणें, प्रथम आडवी रेघ मारून तिच्याखालीं हात न उचलतां मोडी लिहीत जाणें, ओल्या अक्षरांवर वाळू टाकणें, हें पहिलें शिक्षण. मग नकला करणें. नकला करतां करतां मायने पाठ होत: वडिलांस कसें लिहावें, बरोबरीच्यास कसें, शत्रूच्या वकिलास कसें, आणि कोणत्या शब्दानें कोणाचा मान राहतो वा जातो. त्यानंतर हिशेब, म्हणजे कीर्द, खतावणी, तेरीज व ताळेबंद. सर्वांत शेवटीं खर्डा करण्याचें काम हातीं येई. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि याच्या नांवावर लेखनव्यवहाराचे नियम सांगणारें 'मेस्तक' चालत आलें आहे. समर्थ रामदासांनींहि दासबोधांत लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला. तेव्हां लेखन ही शिकण्यासारखी विद्या आहे, ही जाणीव आपल्याकडे नवी नाहीं. परंतु खरें शिक्षण शेजारच्या माणसापासूनच होई. कारण कोणती गोष्ट लिहूं नये, हें कोणत्याहि पोथींत सांगतां येत नाहीं.

पेशवाईंत ही व्यवस्था फार वाढली. पुण्याच्या हुजूर दफ्तरांत 'फड' शाखेंतून हुकूम, सनदा व नेमणुका निघत आणि 'एकबेरीज' शाखेंत ठिकठिकाणचे हिशेब एकत्र होऊन त्यांचे गोषवारे तयार होत. नाना फडणिसांनीं आपल्या उत्कर्षाच्या दिवसांतहि फडणिशीची शिस्त सोडली नाहीं. मूळचें पद हिशेबनिसाचें आणि सत्ता सर्व राज्यावर, असा तो विलक्षण योग होता. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत मात्र दफ्तराची आबाळ झाली. १८१८ नंतर इंग्रजांना मुलूख मिळाला, पण त्या मुलखाचा हिशेब मोडींत होता. तो लावून देण्यास त्यांना जुनेच कारकून लागले. पुढें १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशन बसलें, तेव्हां कोणाचें इनाम टिकावें व कोणाचें जावें हें याच रुमालांतील कागदांवरून ठरूं लागलें. शंभर वर्षांपूर्वीं कोणा अज्ञात कारकुनानें केलेल्या नोंदीवर एका कुटुंबाची भाकरी अवलंबून राहिली. पेशवे दफ्तरांतील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ खंडांत प्रसिद्ध केले. त्या खंडांचें श्रेय संपादकांस आपण देतों, तें योग्यच आहे. पण पहिला संपादक तो कागद वेळच्या वेळीं रुमालांत बांधून ठेवणारा होता.

जुन्या पद्धतीचें हें कौतुक करतांना तिचा मोठा दोष झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. ही विद्या शेजारीं बसून मिळे, आणि शेजारीं बसण्याचा अधिकार थोड्यांनाच होता. ब्राह्मण व कायस्थ प्रभु यांच्या कांहीं घराण्यांत ती बापाकडून मुलाकडे जाई. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस हीं हुद्यांचीं नांवें आडनांवें झालीं, यांतच सर्व आलें. ज्याच्या जमिनीची नोंद, त्याला ती वाचतां येत नसे. मोडीच्या फर्राट्यापुढें शेतकऱ्यानें अंगठा उमटवावा, एवढाच त्याचा दफ्तराशीं संबंध. स्त्रियांची तर गोष्टच नको. कोल्हापूरच्या शाहूमहाराजांनीं १९०२ सालीं मागासलेल्या वर्गांसाठीं संस्थानच्या नोकरींत शेंकडा ५० जागा राखून ठेवल्या, आणि १९१८ सालीं वंशपरंपरेचें कुलकर्णी वतन काढून पगारी तलाठी नेमले, त्याचें मर्म येथें आहे. दफ्तराची किल्ली एकाच्याच हातीं असली म्हणजे न्यायहि त्याच्याच दारीं जातो, हें त्यांनीं नेमकें हेरलें होतें.

इंग्रजी अमदानींत शिक्षणाची रीत पालटली. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें आणि मॅट्रिकची परीक्षा ही कचेरीची देवडी बनली. शेजारच्या माणसाऐवजीं परीक्षेचा कागद लायकी ठरवूं लागला. यांत न्याय होता. पण कामाची वांटणीहि बदलली. हेतु साहेबाचा, भाषा साहेबाची. कारकुनाच्या वांट्यास सुवाच्य नक्कल आली. १९१७ सालीं मुंबई सरकारनें कारभारांत मोडीच्या जागीं बाळबोध लिपि आणण्याचें ठरविलें, तेव्हां हस्तकौशल्याचा उरलासुरला मानहि ओसरूं लागला. 'कारकून' हा शब्द उतरला तो याच काळांत. तरी कचेरीच्या आंतली गोष्ट निराळी होती. प्रकरण वर जावयाचें तें खालच्या कारकुनाचें टिपण घेऊनच. पूर्वीचा दाखला कोणता, नियम कोणता, हें तोच लिही, आणि साहेबाची सही पुष्कळदां त्या टिपणाखालीं निमूटपणें पडे. मन आणि हात यांची फारकत कागदोपत्रीं झाली. प्रत्यक्षांत ती कधींच पुरी झाली नाहीं.

ही फारकत पुढें नेली ती यंत्रानें. आयझॅक पिटमननें आपली लघुलेखनपद्धति १८३७ सालीं प्रसिद्ध केली. रेमिंग्टन कंपनीनें टंकलेखनयंत्र १८७४ मध्यें बाजारांत आणलें. या दोहोंनीं मिळून जगभर कचेरीचें रूप बदललें. आतां सांगणारा निराळा, टिपणारा निराळा आणि छापणारा निराळा. पूर्वीं जें शिकण्यास वर्षें लागत, तें गल्लींतल्या टायपिंग क्लासांत कांहीं महिन्यांत येऊं लागलें, व मिनिटास किती शब्द हें त्याचें माप ठरलें. कौशल्य स्वस्त झालें, यांत शंका नाहीं. पण तें स्वस्त झालें म्हणूनच ज्यांच्या घरीं कधीं दौत नव्हती त्यांच्या आंवाक्यांत आलें. मुंबईच्या पेढ्यांत प्रथम अँग्लो-इंडियन, पारशी व ख्रिस्ती मुली टंकलेखिका म्हणून दिसूं लागल्या. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं मुंबईंत रेशनिंग सुरू झालें, तेव्हां त्या कचेऱ्यांत मध्यमवर्गीय मराठी मुलीहि खुर्चीवर बसल्या. ज्या यंत्रानें कारकुनाची किंमत उतरविली, त्यानेंच त्याच्या धंद्याचें दार उघडलें. या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या आहेत, आणि त्यांतील एकच सांगणारा इतिहास अर्धा होय.

स्वातंत्र्यानंतर, १९५५ सालीं, गोदरेजनें पहिलें भारतीय टंकलेखनयंत्र तयार केलें. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर दफ्तराची भाषा पुन्हा एकदां बदलावयाची होती. बडोद्यास सयाजीरावमहाराजांनीं १९३१ मध्यें 'सयाजीशासनशब्दकल्पतरु' प्रसिद्ध करून वाट दाखविलीच होती. १९६२ सालीं राज्याचा 'पदनाम कोश' निघाला आणि १९६४ च्या कायद्यानें मराठी ही राजभाषा झाली. कारकुनाचा 'लिपिक' झाला, स्टेनोचा 'लघुलेखक' झाला, साहेबाचा पी. ए. 'स्वीय सहायक' म्हणवूं लागला. शिवकालीं कागद तपासणारा 'सचिव' आतां मंत्रालयांतील खात्याचा प्रमुख आहे, आणि पत्रें लिहिणारा 'चिटणीस' राजकीय पक्षांत शिरून 'सरचिटणीस' झाला आहे. लेखणीचीं हीं पदें मानाच्या खुर्च्यांवर जाऊन बसलीं. लेखणी मात्र खालींच राहिली.

आज टंकलेखनयंत्राची टकटक थांबलेली आहे. भारतांतील त्याचें उत्पादन २००९ च्या सुमारास बंद झालें व टंकलेखनाची सरकारी परीक्षाहि संगणकावर आली. अधिकारी आपलें पत्र स्वतःच टंकित करतो. आतां तर यंत्र पत्राचा खर्डाहि करूं लागलें आहे. मग सहायकाचें काम उरलें काय? काम कमी झालें नाहीं, पालटलें. कोणती बैठक आधीं व कोणती मागाहून, कोणास तत्काळ उत्तर द्यावें व कोणास थोपवावें, कोणता कागद कोणास दाखवूं नये, यंत्रानें केलेल्या खर्ड्यांत चुकीचा दाखला कोठें आला आहे, हें सर्व आतां त्यानेंच पाहावयाचें. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें सामान्य नागरिकासहि सर्वसाधारणपणें ३० दिवसांच्या आंत माहिती मिळण्याचा हक्क दिला. मोडीपुढें मुका उभा राहणारा शेतकरी आतां दफ्तरास जाब विचारूं शकतो. पण ठेवलेला कागद सांपडला तर! म्हणजे एकबेरजेच्या कारकुनाची जबाबदारी परत आली, आणि तीहि धन्यापुढें नव्हे, लोकांपुढें.

आणि असें असतां शिक्षणाचें माप अद्यापि तेंच आहे. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठीं मराठी मिनिटास ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द या वेगाचें प्रमाणपत्र लागतें. वेग निरुपयोगी आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्या कामांत विवेक हवा, त्याची परीक्षा बोटांनीं घ्यावी हें विपरीत नव्हे काय? नवा सहायक कामावर येतो, पहिल्या दिवशीं त्याच्यापुढें संगणक व कागदांचा ढीग ठेवला जातो, आणि पुढें तो चुका करीत करीत शिकतो. त्या चुकांची किंमत बाहेर बाकावर बसलेला माणूस देतो.

यावर उपाय म्हणून जुनी घराणेशाही परत आणावी, असें कोणीहि शहाणा सुचविणार नाहीं. दार उघडलें आहे तें उघडेंच राहिलें पाहिजे. पण जुन्या उमेदवारींतील एक गोष्ट घेण्यासारखी आहे: जाणत्या माणसाच्या शेजारीं बसण्याचा काळ. पूर्वीं तो विनावेतन व निवडक घरांपुरता होता; आतां तो सवेतन व सर्वांसाठीं असावा. नव्या सहायकानें एक वर्ष अनुभवी सहायकाबरोबर बसून प्रकरण कसें लावावें, टिपण कसें लिहावें, गुपित कसें राखावें व नागरिकाशीं कसें बोलावें हें शिकावें, आणि मगच त्याच्या नांवानें मेज मांडावें. बाळाजी आवजींनीं कोरा कागद वाचला, तो त्यांच्या बोटांना वेग होता म्हणून नव्हे. काय लिहावयास हवें हें त्यांना ठाऊक होतें म्हणून. तें ठाऊक होण्यास आजहि माणसाच्या शेजारीं माणूसच बसावा लागतो.