शाळेच्या अंगणात आलेली युद्धकैद्यांची बस

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड एका पिवळ्या स्कूलबसबद्दल आहे.

मी आयोवात, डे मॉइनला प्रोजेक्टवर होतो तेव्हाची गोष्ट. लंचला टीममधली एक मुलगी म्हणाली, "लहानपणी आमच्या शाळेत एक बस आली होती. आत सीटच नव्हत्या, म्युझियम होतं!" ही बस मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या 'ट्रेसेस' या संस्थेची. तिचं नाव 'बसीयम', म्हणजे बस आणि म्युझियम एकत्र. गावोगावच्या शाळा आणि लायब्रऱ्यांसमोर ती उभी राहायची. विषय होता दुसऱ्या महायुद्धातले युद्धकैदी.

आता तुम्ही म्हणाल, युद्ध युरोपात, मग आयोवाच्या मक्याच्या शेतात कैदी कुठून आले?

तर झालं असं. मे १९४३ मध्ये ट्युनिशियात जर्मनी-इटलीच्या फौजांनी शरणागती पत्करली आणि दोन लाखांहून जास्त सैनिक हाती लागले. त्यांना ठेवायचं कुठे? सामान घेऊन आलेली जहाजं अमेरिकेला रिकामीच परतत होती, त्यातून कैदी नेले. युद्ध संपेपर्यंत अमेरिकेत चार लाखांच्या आसपास जर्मन कैदी होते. आयोवात अल्गोना आणि क्लॅरिंडा इथे मोठे कॅम्प होते.

इकडे गावातली तरणी पोरं युद्धावर, शेतात माणूस नाही. मग कैदी मका काढायला गेले. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार साध्या सैनिकाला काम देता येतं, पण थेट युद्धाशी संबंधित नाही, आणि मजुरीही द्यावी लागते. रोजचे ८० सेंट, तेही कॅम्पच्या कॅन्टीनच्या कुपनमध्ये.

आता खरी गंमत. गंमत कसली, चटका लावणारी गोष्ट आहे. क्लॅरिंडाच्या जवळच रेड ओक आणि व्हिलिस्का ही गावं आहेत. तिथली पोरं एकाच रेजिमेंटमध्ये होती. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्याच ट्युनिशियात त्यातली बरीच जर्मनांच्या हाती सापडली. गावात 'बेपत्ता' म्हणून तारांवर तारा आल्या. म्हणजे आपला मुलगा जर्मनीत तारेच्या कुंपणाआड, आणि जर्मन आईचा मुलगा आपल्या शेजारच्या शेतात! इथल्या कैद्याला नीट वागवलं तर तिथे आपल्या पोराला नीट वागवतील, ही आशा अनेकांना होती.

माझ्या सहकारी मुलीने त्या दिवशी घरी जाऊन आजीला विचारलं. आजी म्हणाली, "आमच्याकडे यायचे की ते. माझी आई त्यांना जेवू घालायची." इतकी वर्षं आजी बोलली नव्हती, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मला वाटतं, त्या बसचं खरं काम हेच होतं.

मग एका डिसेंबरात मी गाडी काढून अल्गोनाला गेलो. एडुआर्ड काइब नावाच्या कैद्याने साथीदारांबरोबर येशूजन्माचा देखावा उभारला होता, तो १९४५ मध्ये पूर्ण झाला. साठहून अधिक मूर्ती, खर्च कैद्यांच्या स्वतःच्या पैशांतून. आजही नाताळात लोक बघायला येतात.

पण मंडळी, लगेच विरघळू नका. त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिणेत जर्मन कैद्यांना हॉटेलात टेबलावर वाढलं जायचं, आणि अमेरिकेच्याच कृष्णवर्णीय सैनिकांना तिथे बसायला मनाई होती. हजारो जपानी-अमेरिकन नागरिक काहीही गुन्हा नसताना कॅम्पात होते. शाळेतल्या मुलांना देखावा दाखवायचा तर हेही सांगायला हवं. नाहीतर तो इतिहास राहत नाही, ग्रीटिंग कार्ड होतं.

परतताना गाडीत मला माझंच गाव आठवत होतं. मी नगरचा. किल्ल्यात नेहरूंना ठेवलं होतं हे आम्हाला शाळेत पाठ. पण पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही महायुद्धांत इंग्रजांनी नगरला जर्मन लोकांना स्थानबद्ध करून ठेवलं होतं, हे मला पंचविशीत कळलं! 'सेव्हन इयर्स इन तिबेट' लिहिणारा गिर्यारोहक हाइनरिश हारर त्यांतलाच. पुढे त्याला डेहराडूनला हलवलं आणि १९४४ मध्ये तो तिथून पळाला. हे सैनिक नव्हते, शत्रुदेशाचे नागरिक होते, हा फरक मात्र लक्षात ठेवा.

आपल्याकडे अशी बस निघेल तेव्हा निघेल. तोवर एक करा. हा एपिसोड संपला की हेडफोन काढा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. विचारा, "आपल्या गावात तेव्हा कोण होतं?" आणि मग मध्ये बोलू नका. नुसतं ऐका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!